प्रफुल्लचं पेडल

"हे चालू होत नाही," पप्पा म्हणाले. "बघ जरा."

रविवारची सकाळ होती. चर्चहून येऊन मी वांगी चिरायला बसले होते. हात पुसत बाहेर आले, तर जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवलेला, आणि त्याचं झाकण खाली फरशीवर पडलेलं. ते उचलायला पप्पा वाकले नाहीत. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही हातांना कंप सुटला होता. चहाचा कपसुद्धा मीच त्यांच्या तोंडाशी धरायचे.

डब्यात प्रफुल्लचं गिटारचं पेडल होतं.

"हे कुठं होतं?"

"माझ्या कपाटात."

"मम्मी तर म्हणायची, तुम्ही ते विहिरीत टाकलंत."

"ती म्हणायची. मी टाकलं नव्हतं."

प्रफुल्ल माझा थोरला भाऊ. नगरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. राहुरीकडच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता, तिथं स्टेजवरच शॉक लागून गेला. कोरसची ओळ म्हणायला माइकजवळ गेला, ओठ माइकला लागले आणि गिटार गळ्यात असतानाच कोसळला. पप्पा पहिल्या रांगेत बसले होते. मी पॉलिटेक्निकला होते, परीक्षा होती म्हणून गेले नव्हते.

मंडप आणि लाइटचं काम भागवत गुंजाळ नावाच्या माणसाकडे होतं. त्याच्या वायरिंगमध्ये दोष होता, अर्थिंग नीट दिलेलं नव्हतं, असं पोलिसांनी लिहिलं. कोर्टात पप्पांनीही तेच सांगितलं. मनोहर पारखेंचा रेडिओ दुरुस्तीतला शब्द सगळ्या शहरात मानला जायचा, त्यातून ते मेलेल्या मुलाचे वडील. गुंजाळला शिक्षा झाली.

पप्पांनी त्यानंतर दुकान विकून टाकलं. घरातला मिक्सर बिघडला तरी ते बाहेर दुरुस्तीला पाठवायचे. मम्मी दोन वर्षांत गेली. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायच्या कामाला लागले, लग्न केलं, ते मोडलं, आणि परत पप्पांकडे राहायला आले. प्रफुल्लचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. आणि आता ते त्याचं पेडल चालू करून मागत होते.

"कशाला चालू करायचंय, पप्पा?"

"आधी बघ तर."

पेडल मी हातात घेतलं. साबणाच्या पेटीहून थोडं मोठं, जाड पत्र्याचं, वरचा केशरी रंग पायाने घासून गेलेला. जपानी होतं, प्रफुल्लपेक्षा वयाने मोठं. पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्यानं ते घेतलं होतं. वर एक बटन. ते पायाने दाबलं की बाजूचा लाल दिवा लागायचा आणि गिटारचा साधा सूर असा फाटायचा, असा जाड व्हायचा, की शेजारच्या भांबळ बाई खिडकी लावून घ्यायच्या. मी बटन दाबलं. दिवा लागला नाही.

मी माझी कामाची पिशवी आणली. मागचं झाकण उघडलं, तर आतली चौकोनी बॅटरी फुगून फुटली होती. तिच्यातून गळलेलं सुकून हिरवट चुरा झाला होता आणि त्या चुऱ्याने बॅटरीला बसणारी टोपी खाऊन टाकली होती.

"टोपी गेलीय," मी म्हणाले.

"नवी लाव."

मी तारा कापल्या, पिशवीतली नवी टोपी जोडली, दोन्ही टाके नीट दिले. पप्पा माझ्या खांद्यामागे उभे होते. सोल्डरच्या धुराचा वास आल्यावर त्यांनी श्वास लांब ओढून घेतला, तो मला ऐकू आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी नवी बॅटरी आणली. बटन दाबलं. तरी काही नाही.

"केबल घाल," पप्पा म्हणाले. "गिटारची केबल घातल्याशिवाय यातली बॅटरी जोडली जात नाही. पोरं रात्रभर चालू ठेवतात म्हणून तशी सोय केलेली असते."

डब्यात केबलही होती. ती घातली. दिवा नाहीच. मग मीटर घेऊन मी बॅटरीपासून एकेक जागा तपासत गेले. केबलच्या खोबणीपर्यंत वीज येत होती, बटनाच्या पुढे जात नव्हती. इतक्या वर्षांत बटनाच्या आतला पत्रा गंजला होता. स्पिरिटचे दोन थेंब सोडले, बटन खूप वेळा दाबलं, सोडलं, दाबलं.

लाल दिवा लागला.

मला रडू आलं. तो दिवा मी शेवटचा आमच्याच या खोलीत पाहिला होता, प्रफुल्लच्या अनवाणी अंगठ्याशेजारी. मी वळून पप्पांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांचेही डोळे भरले असतील. पण ते दिव्याकडे बघत होते ते वेगळंच. एखाद्याला डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा, तसं.

"म्हणजे पेडलमध्ये दोष नाही," ते म्हणाले.

"बटन आणि टोपी सोडली तर काही नाही. ते पडून पडून खराब झालं."

"शॉक बसेल असं काही?"

"यात? नऊ व्होल्टची बॅटरी आहे, पप्पा. जिभेला लावली तर फक्त झिणझिण्या येतील."

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता एलिमिनेटरवर बघ."

भिंतीतल्या विजेवर पेडल चालवायचा तो काळा ठोकळा डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला होता. मी ओळखला. बाजारातल्या एलिमिनेटरवर हे जुनं पेडल नीट चालत नसे. दिवा मिणमिणायचा आणि सूर मरायचा. प्रफुल्ल कुरकुर करत राहिला, तेव्हा पप्पांनी एका एलिमिनेटरमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्याची तार पुन्हा स्वतःच्या हाताने गुंडाळली, पेडलला हवा तेवढा विजेचा दाब मिळेल अशी. ठोकळ्यावर पांढऱ्या रंगाने 'पारखे' असं लिहिलं. ऑर्केस्ट्रातली सगळी पोरं तो बघायला घरी येऊन गेली होती.

मी फडकं सोडलं आणि ठोकळा भिंतीतल्या सॉकेटकडे नेला.

"थांब!"

पप्पांनी उठून माझ्या मनगटावर फटका मारला. ठोकळा खाली पडला.

"भिंतीत घालू नको. मीटर लाव आधी."

"काय मोजू?"

"पिनेपासून पेडलकडच्या तारेपर्यंत."

"पण पप्पा, तिथं काही यायलाच नको. भिंतीकडची तार वेगळी, पेडलकडची वेगळी, मध्ये कागद—"

"काय यायला नको ते मला माहीत आहे. लाव."

मी मीटरची एक सळई पिनेला लावली, दुसरी पेडलकडच्या तारेला. या दोन टोकांमध्ये काहीच संबंध नसायला हवा. मीटर गप्प राहायला हवा होता.

मीटर वाजला. बारीक आवाजात, सलग.

मी सळया काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. तो पुन्हा वाजला. मग स्क्रू काढून मी ठोकळा उघडला. आतल्या दोन तारा जळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मधला कागद काळा पडून ठिसूळ झाला होता, बोट लावताच त्याची भुकटी झाली. भिंतीतली वीज सरळ पेडलमध्ये, पेडलमधून केबलमध्ये, केबलमधून गिटारच्या तारांमध्ये गेली होती. प्रफुल्लच्या बोटांत, आणि ओठ माइकला लागताच त्याच्या अंगातून.

"पप्पा, कागद कुठला घातला होता?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. ते वाक्य खूप दिवस तयार असावं.

"दुकानातला संपला होता. त्याला त्याच दिवशी कार्यक्रमाला निघायचं होतं. म्हणून तुझ्या मम्मीचा घेतला. केकच्या भांड्यात घालायची तो, बटर पेपर. म्हटलं, एवढा कार्यक्रम निघेल, आला की नीट करून देऊ. आला तेव्हा म्हणाला, 'पप्पा, फार छान चालतंय, हात लावू नका.' मग राहिलंच. दोन महिने चाललं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो पडला, सगळे त्याच्याकडे धावले. मीही धावलो. त्याला जीपमध्ये घातलं, तेव्हा मला जळका वास आला. मी मागे फिरलो, ठोकळा काढला. गरम होता. खिशात घातला."

"आणि उघडून बघितला नाही?"

"नाही."

"कधीच?"

"उघडला नाही तोपर्यंत ते गुंजाळचं अर्थिंग होतं, एस्तेर."

गॅसवर कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तिथंच उभी राहिले. मम्मी मरेपर्यंत गुंजाळला शाप देत होती. आम्ही तिला अडवलं नव्हतं. पप्पा शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत असायचे.

मी बाहेर आले. "मग आजच का?"

"गेल्या आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलला तू मला बाकावर बसवून औषधं आणायला गेलीस. तेव्हा शेजारी एक माणूस येऊन बसला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. गुंजाळ. मला वाटलं, आता हा चारचौघांत शिव्या देणार. त्यानं हात जोडले. म्हणाला, 'पारखेभाऊ, तुम्ही विजेतले जाणकार. मी त्या दिवशी सगळ्या तारा दोनदा बघितल्या होत्या. माझं काय चुकलं, तेवढं एकदा सांगा. मला अजून कळत नाही.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"तू आलीस तेवढ्यात. आपण उठलो."

जेवण कुणी केलं नाही. संध्याकाळी मी त्यांना औषधं दिली, पण बोलले नाही. बोलण्यासारखं तोंडात जे येत होतं, ते थरथरत्या म्हाताऱ्या माणसाला म्हणावं असं नव्हतं. सकाळी मी कामावर रजा कळवली आणि एवढंच विचारलं, "कुठं राहतात गुंजाळ?"

केडगावच्या एका गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. आम्ही पोचलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. गुंजाळ स्टुलावर बसले होते, भुवया आणि कानांवरचे केस पिठाने पांढरे. पप्पांना रिक्षातून उतरताना बघून ते लगबगीने पुढे आले आणि त्यांनीच त्यांना धरून आणलं.

"या भाऊ, या. ही मुलगी का? बस, ताई. मंदा, पाणी आण गं."

त्यांची बायको पाणी घेऊन आली. तिनं तांब्या ठेवला, पण पप्पांकडे पाहिलं नाही.

पप्पांनी पिशवीतून ठोकळा काढून पिठाच्या डब्यावर ठेवला. मग सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत, स्वतःची बाजूही मांडली नाही. बटर पेपरचं सांगितलं, खिशात घातल्याचं सांगितलं, कोर्टात काय म्हणाले तेही सांगितलं. गुंजाळ ऐकत असताना ठोकळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवत होते.

"उघडून बघू?" त्यांनी विचारलं.

स्क्रू मी सैलच ठेवले होते. त्यांनी झाकण काढून ठोकळा उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितलं.

"म्हणजे माझ्या तारा चांगल्या होत्या."

"चांगल्या होत्या," पप्पा म्हणाले.

"आणि अर्थिंग?"

"अर्थिंग कमी होतं," मी म्हणाले. "पण हे नसतं, तर कुणी मेलं नसतं."

त्यांनी मान हलवली. "मी कोर्टात म्हणालो होतो, दोनदा बघितलं म्हणून. कुणी मानलं नाही. मग आत बसल्यावर माझं मलाच वाटायला लागलं, आपण बघितलंच नसेल. एकदाच बघितलं असेल. गडबडीत असू." ते हसल्यासारखे झाले. "आता आठवतंय. दोनदाच बघितलं होतं. उजवीकडच्या खांबाची तार तर तीनदा."

"ऐकलंत ना?" त्यांची बायको एकदम म्हणाली. ते ती नवऱ्याला म्हणाली, पुढचं आम्हाला. "मी सांगत नव्हते? हे माणूस झोपेत हात झटकतंय ओ इतकी वर्षं. बटनाला हात लावत नाही. गिरणी चालू करायला मी येते स्वयंपाक सोडून. पोरगा वायरमनच्या कोर्सला लागला होता, त्याला यांनी काढला. आणि हा ठोकळा तुमच्या कपाटात!"

पप्पांनी हात जोडायचा प्रयत्न केला. ते हात एकमेकांपाशी थांबेनात.

"भागवतराव, मी वकिलाकडे जातो. लिहून देतो."

"शिक्षा भोगून झाली की, भाऊ. आता कोर्ट मला काय परत देणार?" त्यांनी झाकण बसवलं, ठोकळा पप्पांच्या पुढे सरकवला. त्यांचा आवाज बदलला होता. "तिथं सांगा. त्या गावात. त्या लोकांनी मला खांबाला बांधून मारलं होतं. पोलीस आले म्हणून वाचलो. तिथं येऊन सांगा, माझ्यासमोर."

"सांगतो," पप्पा म्हणाले.

पुढच्या रविवारी जीप ठरवून आम्ही तिघं गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे ते दोघं. गाव बदललं होतं. जत्रेच्या मैदानात आता पतसंस्थेची इमारत होती. देवळासमोरच्या पारावर काही तरुण पोरं मोबाइल बघत बसली होती, दोन-तीन म्हातारे ऊन खात होते. मी सरपंचांना आधी फोन केला होता. ते बाहेरगावी गेले होते, पण त्यांनी चार माणसं गोळा करायला गावात सांगितलं होतं.

पप्पा उभे राहिले. मी त्यांना दंडाला धरलं होतं. गुंजाळ थोडे लांब, लिंबाखाली थांबले, टोपी हातात घेऊन.

"माझं नाव मनोहर पारखे," पप्पा म्हणाले. "इथल्या जत्रेत माझा मुलगा शॉक लागून गेला. त्यात भागवत गुंजाळांची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

आणि त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. ठोकळा काढून दाखवला. त्यांची जीभही आता जड झाली होती, शब्द नीट उमटत नव्हते.

"कुठला ऑर्केस्ट्रा म्हणे?" एका पोरानं दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काय माहीत, आपण बारकं असू."

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र मान वर केली. "आठवतंय की. गोरं, उंच पोरगं होतं. गिटारवालं. त्या गुंजाळच्या वायरीनं मेलं."

"नाही हो, बाबा," मी म्हणाले. "तेच तर सांगताहेत ते. वायरीनं नाही. या ठोकळ्यामुळं."

"हां, हां." त्यांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या. पोटचं पोरगं गेलं की माणूस स्वतःलाच बोल लावून घेतं. आमचं दुःख का कमी झालं होतं त्या दिवशी? आम्ही तर त्या गुंजाळला सोडणार नव्हतो."

"माझी चूक होती," पप्पा म्हणाले.

"पाणी द्या रे यांना. खुर्ची आणा."

एका पोरानं देवळातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दुसऱ्यानं पाण्याची बाटली दिली. पप्पांना खुर्चीत बसवलं. कुणी त्यांचा घाम पुसला, कुणी वारा घातला. पप्पा रडत होते आणि मान हलवत होते, आणि ते जितकं नाही-नाही म्हणत, तितकी माणसं त्यांची जास्त समजूत घालत.

मी लिंबाकडे बोट केलं. "हे गुंजाळ. हे उभे आहेत तिथं."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. कुणी पुढे झालं नाही. तो म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघत राहिला, मग त्यानं तोंड फिरवलं. गुंजाळांनी टोपी घातली आणि ते जीपकडे चालू लागले.

परत येताना गुंजाळ पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे पप्पांना धरून बसले. केडगावला ते उतरले, तेव्हा दार बंद करताना एकदा थांबले.

"तुम्ही सांगितलंत, भाऊ," ते म्हणाले.

"त्यांनी ऐकलं नाही," पप्पा म्हणाले.

"नाही," गुंजाळ म्हणाले, आणि गल्लीत शिरले.

पप्पांनी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. ते कुठल्या फायलीला लागलं की नाही, मला कळलं नाही. चर्चच्या पाळकांना सांगून ते उपासनेतही उभे राहून सगळं बोलले. नंतर चार घरांनी आमच्याकडे येणं सोडलं, बाकीच्यांनी विषय काढला नाही. पप्पांशी मी पुन्हा बोलायला लागले. त्यांना खाऊपिऊ घालायचं, अंघोळ घालायची, त्यासाठी बोलावंच लागायचं. तुम्हाला क्षमा केली, असं मी त्यांना कधी म्हणाले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

दफन झालं, लोक एकेक करून निघाले, तेव्हा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर मला गुंजाळ दिसले. सायकल भिंतीला टेकवून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी त्यांच्याकडे गेले.

"आत या ना."

"चालेल?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चपला फाटकात काढल्या. पप्पांच्या कबरीवरची माती अजून ओली होती, भोवती दोघं-तिघं उभे होते. मी तिकडे वळले, पण ते थांबले.

"मुलाची कुठली?"

प्रफुल्लची कबर मागच्या ओळीत, मम्मीच्या शेजारी होती. मी त्यांना तिथं नेलं. दगडावरचं नाव त्यांनी अक्षर लावत वाचलं, खालची दोन्ही सालं वाचली. मग खाली बसले. मातीत वाळलेलं गवत होतं, ते उपटून त्यांनी बाजूला ठेवलं. बराच वेळ बसून होते. मी थोडी लांब उभी राहिले.

उठले तेव्हा गुडघ्यांची माती झटकत म्हणाले, "दर वर्षी फाटकापर्यंत यायचो. आत यायची छाती झाली नाही."

आणि आले तसे चालत निघाले. पप्पांच्या कबरीपाशी ते थांबले नाहीत. फाटकाशी चपला घातल्या, सायकल घेतली, आणि गेले.